संयम आणि हिशेब

शाळेच्या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी लेख पाठवावेत, असे निमंत्रण आले तेव्हा आमच्या तुकडीतील सहाजणांनी मिळून एकच लेख लिहावयाचे ठरविले. वसतिगृहात आम्ही एकाच पंगतीला जेवलो, एकाच विहारात वंदनेला बसलो, आणि पुढे नोकरीच्या बाजारात जवळजवळ सारखेच धक्के खाल्ले. आज आमच्यातील एक परिचारिका आहे, एक सीमेपलीकडच्या कारखान्यात भांडारपाल आहे, दोघे मुंबईत कचेरीत काम करतात, एक डहाणू तालुक्यात शिक्षिका आहे आणि एकाचे तलासरीजवळ महामार्गालगत जोडकामाचे छोटे दुकान आहे. शाळेच्या आठवणी इतरांनी आमच्यापेक्षा सुंदर लिहिल्या असतील. आम्हांला लिहावयाचे आहे ते शाळेच्या फाटकाबाहेर पडल्यानंतर मालकासमोर आणि मुलाखतीच्या टेबलासमोर आमचे काय झाले, याविषयी. यात आमची नावे दिलेली नाहीत, कारण ज्या मालकांविषयी लिहिले आहे त्यांचीही दिलेली नाहीत.

सायंकाळच्या वंदनेनंतर गुरुजी आम्हांला सिगालाची गोष्ट सांगत. वडिलांच्या शेवटच्या इच्छेप्रमाणे राजगृहाचा हा तरुण भल्या सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत असतो. तथागत त्याला सांगतात की, खऱ्या दिशा निराळ्या आहेत. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक व कामगार आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. या प्रत्येक दिशेशी आपले कर्तव्याचे नाते असते. सेवकाने मालकाच्या आधी उठावे, मालकानंतर झोपावे, दिलेले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे आणि मालकाची चांगली कीर्ती सांगावी, ही पाच कर्तव्ये आम्हांला तोंडपाठ होती. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतावर, वीटभट्टीवर किंवा मच्छीमार बोटीवर काम केलेली माणसे होती. त्यामुळे ती पाच कर्तव्ये आम्हांला नवी वाटली नाहीत. धर्म आणि घर एकच गोष्ट सांगत आहेत असे वाटले, आणि शाळेने दिलेल्या संयमाचा अर्थ आम्ही मुकाट्याने काम करणे असा लावला.

या अर्थाची किंमत प्रथम आमच्या परिचारिका मैत्रिणीने मोजली. प्रशिक्षण पूर्ण करून ती एका शहरातील खासगी रुग्णालयात लागली. तपासणीसाठी म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रे घेण्यात आली, ती परत मिळाली नाहीत. नेमणूकपत्र दिले नव्हते. सांगितलेला पगार एक होता, हाती पडणारा दुसरा, आणि उरलेले पैसे नंतर देऊ असे उत्तर. पाळी बारा तासांची. चौदा महिने ती काही बोलली नाही. रात्री खोलीवर परतल्यावर ती श्वासावर लक्ष ठेवून बसे, मन शांत करी आणि पुन्हा सकाळी कामावर जाई. आम्ही भेटलो की तिच्या सोशिकपणाचे कौतुक करीत असू. त्या कौतुकाची आज आम्हांला लाज वाटते.

दिवाळीला ती तलासरी तालुक्यातील आपल्या पाड्यावर गेली असता तिच्या आजीने तीन साधे प्रश्न विचारले. किती दिवस काम केलेस? किती पैसे मिळाले? किती राहिले? आमच्या मैत्रिणीला एकाही प्रश्नाचे नेमके उत्तर देता आले नाही. आजी तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढची, निरक्षर. तिने सांगितले की, तिचा बाप जमीनदाराकडे वेठीला गेला की घरी येऊन कुडाच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढी. दिवस फुकट गेला तरी तो मोजला जाई. सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे, पण स्वतःच्या भिंतीवरचे त्याला वाचता येई. आणि त्याची शिकलेली पणती म्हणत होती की, आपल्याला आकडा माहीत नाही.

त्या रेघांच्या मागे काय होते, हे आमच्या भागातील पालकांना सांगावयास नको, परंतु नव्या पिढीतील विद्यार्थ्यांसाठी थोडे लिहितो. डहाणू आणि त्या वेळच्या उंबरगाव तालुक्यात वारली कुटुंबांना जमीनदाराच्या शेतावर, घरी, जंगलात बोलावणे येईल तेव्हा विनामोबदला राबावे लागे. यालाच वेठ म्हणत. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण आपल्या बायकोसह त्या कर्जापायी धन्याचा बांधील होई. त्याला लग्नगडी म्हणत. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेली खावटी वाढीसह फेडता फेडता पुढचा पावसाळा येई. 1945 च्या मे महिन्यात आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी गावी हजारो वारली एकत्र आले. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने ही परिषद भरविली होती. वेठ करावयाची नाही, मजुरीशिवाय काम करावयाचे नाही आणि शेतमजुरीचा दर दिवसाला बारा आणे असावा, असे तेथे ठरले. त्याच वर्षी गवतकापणीच्या हंगामात पाचशे पौंड गवताला अडीच रुपये हा दर मागून कापणी थांबविण्यात आली. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच वारल्यांचे प्राण गेले. हा सारा इतिहास गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला आहे.

नोकरीच्या विषयात हा इतिहास आणण्याचे कारण असे. झरीच्या त्या माणसांनी काम टाळले नव्हते. काम करूच, पण त्याचा दर ठरला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. बारा आणे, पाचशे पौंड, अडीच रुपये. त्यांच्या मागणीत आकडा होता, माप होते, आणि ती मागणी एकट्याची नव्हती. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनी हे केले, आणि आम्ही प्रमाणपत्रे घेऊन नोकरीला गेलेली मुले पगाराचा आकडा विचारावयास संकोचत होतो.

आमच्या शाळेच्या दृष्टीने आणखी एक दुवा महत्त्वाचा आहे. शामराव परुळेकर हे 1937 च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून मुंबई विधानसभेत गेलेले सभासद. पुढे त्यांचा मार्ग वेगळा झाला. परंतु झरीला मजुरीचा दर ठरत होता, त्या काळात बाबासाहेब दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री होते. 1946 मध्ये कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आणणारी दुरुस्ती आणि किमान वेतनाचे विधेयक ही दोन्ही त्यांच्याच खात्याची कामे. किमान वेतनाचा कायदा 1948 मध्ये झाला. आमच्या वसतिगृहात वारली, बौद्ध, कातकरी मुले एका ओळीत झोपत. त्यांच्या आजोबांचे प्रश्नही असे एका ओळीतलेच होते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

दिवाळीनंतर आमच्या मैत्रिणीने पाळ्यांच्या तक्त्यांवरून चौदा महिन्यांचा हिशेब एका वहीत उतरविला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या तिघींनीही आपापले हिशेब लिहिले. मग चौघींनी मिळून एक अर्ज केला. त्यात रागाचा एकही शब्द नव्हता. कामाचे दिवस, ठरलेला पगार, मिळालेला पगार, बाकी रक्कम आणि परत करावयाच्या प्रमाणपत्रांची यादी, एवढेच. रुग्णालयाने पोच देण्यास नकार दिला, तेव्हा तोच अर्ज पोचपावतीसह रजिस्टर टपालाने पाठविला. बाराव्या दिवशी प्रमाणपत्रे परत मिळाली. चार महिन्यांच्या थकबाकीपैकी दोन महिन्यांचे पैसे मिळाले, उरलेले आजतागायत मिळालेले नाहीत. तिने महिनाभराची लेखी सूचना देऊन नोकरी सोडली, शेवटच्या दिवसापर्यंत रुग्णांची औषधे वेळेवर दिली आणि कपाटाच्या किल्ल्या सही घेऊन सुपूर्द केल्या. पुढच्या मुलाखतीत आधीची नोकरी का सोडली, असे विचारले गेले. तिने जुन्या मालकाची निंदा केली नाही. तेथे रुग्णसेवेचा अनुभव चांगला मिळाला, आता नेमणूकपत्र आणि ठरलेल्या पाळ्या असलेल्या ठिकाणी काम करावयाचे आहे, असे ती म्हणाली. हे उत्तर खरे होते आणि त्यात तिच्या अपेक्षाही आल्या होत्या. आज ती जेथे आहे तेथे तिला दर महिन्याला पगारपत्रक मिळते.

संयम सोडल्याने काय होते, हे आमच्या दुसऱ्या मित्राने पाहिले. तलासरीला रेल्वे स्थानक नाही, पण महामार्ग आहे, आणि पहाटे त्या महामार्गावरून माणसांनी भरलेल्या गाड्या उंबरगाव, भिलाड, वापीच्या कारखान्यांकडे जातात. तोही त्यातून जात असे. तेथील एका कारखान्यात जादा तासांचे पैसे साध्या दराने मिळत. दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा अधिक काम झाल्यास दुप्पट दराने वेतन द्यावे, असे 1948 च्या कारखाने अधिनियमानेच सांगितले होते, हे त्याला माहीत होते. तो आणि त्याचे सहा सोबती ही गोष्ट मांडणार होते. त्याआधीच एके दिवशी पर्यवेक्षकाने सगळ्यांसमोर त्याची जात काढून त्याला जंगली म्हटले. त्याने यंत्र बंद केले, हजेरीचे कार्ड फेकले आणि पर्यवेक्षकाची गचांडी धरली. प्रकरण पोलीस ठाण्यात गेले. माफीपत्र त्याला लिहून द्यावे लागले, सोबत्यांना ताकीद मिळाली आणि जादा तासांचा विषय कायमचा मागे पडला. अपमान खरा होता. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा जातीवरून चारचौघांत अपमान करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि सहा साक्षीदार तेथेच उभे होते. गचांडी धरली गेल्यामुळे तक्रारदार व्हावयाचा तो आरोपी झाला. तो स्वतः म्हणतो की, त्या एका मिनिटाने पर्यवेक्षकाचे काम सोपे केले.

आता मुलाखतींविषयी. 2013 मध्ये डहाणू रोडपासून चर्चगेटपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हा आमच्यापैकी दोघे मुंबईत नोकरी शोधू लागले. एकाच आठवड्यात दोघांच्या मुलाखती झाल्या. पहिल्याला विचारले गेले की, तलासरी म्हणजे आदिवासी भाग, तुमचे बोलणे आमच्या कचेरीत चालेल का? तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, “साहेब, काम हिशेबाचे आहे. आपण मला अर्धा तास द्या, मी नोंदी करून दाखवतो. त्यानंतर माझ्या बोलण्याविषयी ठरवा.” त्यांनी चाचणी घेतली. नोंदी बरोबर आल्या. नोकरी मात्र मिळाली नाही. परतीच्या गाडीत वाईट वाटले, पण आपण चुकीचे काही बोललो नाही याचे समाधान होते, असे तो सांगतो. पुढे तिसऱ्या ठिकाणी त्याला काम मिळाले.

दुसऱ्याला नोकरी लगेच मिळाली. त्याला आडनावाबद्दल विचारले तेव्हा त्याने विषय टाळला, शाळेचे नाव विचारले तेव्हा बोर्डीकडची एक शाळा असे मोघम सांगितले, आणि घर डहाणूला समुद्राजवळ असल्याचे सांगून चिकूच्या गप्पा मारल्या. पुढची सहा वर्षे तो त्या थोड्या खोट्याची राखण करीत राहिला. दर वर्षी 6 डिसेंबरला त्याला ताप येई. तसा अर्ज तो देत असे. डब्यात काय आहे, मोबाइलवर कोणाचे छायाचित्र आहे, घरून फोन आला तर कोणत्या शब्दाने सुरुवात करावयाची, याचा विचार त्याला दिवसभर करावा लागे. सातव्या वर्षी त्याने रजेच्या अर्जावर खरे कारण लिहिले, चैत्यभूमीवर जावयाचे आहे. साहेबांनी न वाचताच सही केली. नंतर कचेरीत बातमी पसरली. दोघांनी त्याच्याबरोबर डबा खाणे हळूहळू बंद केले. एकाने पुढच्या वर्षी तेथे गर्दी किती असते, रांग कुठून लागते, अशी चौकशी केली. एवढेच घडले, आणि तेवढ्यासाठी सहा वर्षे गेली.

आम्ही त्याला दोष देत नाही. 1917 मध्ये परदेशातून शिकून बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहावयास जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव घेऊन पारशी धर्मशाळेत उतरावे लागले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. कचेरीतील शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून फेकत. ती नोकरी त्यांना सोडावी लागली, आणि पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढे हा प्रसंग त्यांनी कोणताही आडपडदा न ठेवता स्वतः लिहून ठेवला. जे भोगले ते लिहून ठेवावे, हाही आम्हांला त्यातून मिळालेला धडा आहे.

मुलाखतीत अपयश आले की आमची मुले स्वतःलाच कमी लेखतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. फरक फक्त अर्जदाराच्या नावात होता, त्यावरून तो उच्चवर्णीय हिंदू, दलित किंवा मुस्लिम असल्याचे कळे. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, तीच पात्रता असूनही दलित आणि मुस्लिम नावांना पुढच्या फेरीचे बोलावणे कमी आल्याचे दिसले. म्हणून प्रत्येक नकार हा आपल्या गुणांवरचा निकाल नसतो. तसेच प्रत्येक नकार हा भेदभावही नसतो. आमच्या शिक्षिका मैत्रिणीला एका संस्थेने नाकारले तेव्हा तिने नम्रपणे फोन करून कारण विचारले. पाठाचे टाचण अपुरे होते, असे उत्तर मिळाले, आणि ते खरे होते. पुढच्या वेळी तिने टाचण नीट केले. विचारल्याशिवाय यातील फरक कळत नाही.

इतक्या वर्षांत आम्ही जे शिकलो ते धाकट्या भावंडांसाठी थोडक्यात लिहितो. मुलाखतीच्या आधी एक दिवस ती जागा पाहून यावे, कारण आपल्याकडची गाडी चुकली तर पुढची लवकर नसते. संस्था काय काम करते याची माहिती घ्यावी. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, झेरॉक्स द्याव्यात, मूळ प्रती कोणाकडेही ठेवू नयेत. येत नसलेले काम येते म्हणू नये. शिकेन म्हणावे आणि शिकावे. जात, लग्न, मुलेबाळे यांविषयी प्रश्न आला तर चिडू नये आणि खोटेही बोलू नये. या कामासाठी माझी ही पात्रता आहे, असे सांगून बोलणे कामाकडे वळवावे. शेवटी आपणही विचारावे. पगार किती, तो कोणत्या तारखेला, कामाचे तास किती, साप्ताहिक सुट्टी कोणती, भविष्यनिर्वाह निधी कापला आणि भरला जातो का, नेमणूकपत्र केव्हा मिळेल? हे विचारणे उद्धटपणा नव्हे.

नोकरी लागल्यावर एक वही ठेवावी. आलेली वेळ, गेलेली वेळ, मिळालेली रक्कम तिच्यात लिहावी. मागणे असेल ते कागदावर, तारीख घालून, शक्य तर सोबत्यांसह द्यावे आणि पोच घ्यावी. तरीही दाद लागली नाही तर कामगार खात्याच्या अधिकाऱ्याकडे जावे. कारखाना वापीला असेल तर आपण तलासरीत राहत असलो तरी तक्रार गुजरातमधील कामगार कार्यालयाकडे करावी लागते, हे आमच्या अनेकांना ठाऊक नसते आणि त्यात महिने वाया जातात. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याची सोय 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने केलेली आहे. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. पाच वर्षे सलग नोकरी झाली असल्यास सोडताना उपदानाची रक्कम मागावी. नोकरी सोडणे भाग पडले तर लेखी सूचना देऊन, हाती असलेले काम पुरे करून सोडावे. पालकांनाही एक विनंती आहे. वीटभट्टीच्या मुकादमाकडून किंवा बोटीच्या मालकाकडून मुलांच्या नावावर उचल घेऊ नका. त्या उचलीचा हिशेब मूल वयात येईपर्यंत संपत नाही.

हे सर्व आम्ही कामगाराच्या बाजूने लिहिले. परंतु आमच्यातला एक आज मालक आहे, आणि त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. त्याच्या जोडकामाच्या दुकानात चार मुले कामाला आहेत. त्यातला एक आपल्याच शाळेचा, आमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. एका वर्षी ग्राहकांकडचे पैसे अडकले आणि मित्राने दोन महिने पगार पुढे ढकलला. आपलीच मुले आहेत, समजून घेतील, असे तो आम्हांला सांगत होता. दोन महिन्यांनी तो धाकटा मुलगा काम संपल्यावर थांबला. त्याने एक वही काढली आणि म्हणाला, “दादा, माझे बावन्न दिवस झाले. सोळा तास जादा. तुमची अडचण मला दिसते, पण कधी देणार ती तारीख सांगा.” आवाज चढलेला नव्हता. वही शाळेच्या भांडारात मिळते तशीच, निळ्या वेष्टनाची.

आमचा मित्र त्या रात्री झोपू शकला नाही. त्याला सिगालाची गोष्ट पुन्हा आठवली, आणि इतकी वर्षे आम्ही सगळे विसरलेला भाग आठवला. तेथे सेवकाची पाच कर्तव्ये नंतर येतात. आधी मालकाची पाच येतात. काम सेवकाच्या शक्तीप्रमाणे नेमून द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरी काही विशेष झाले तर त्यातला वाटा द्यावा, आणि वेळेवर सुट्टी द्यावी. अशी ज्याची वागणूक आहे त्या मालकाशी सेवकाने कसे वागावे, हे त्यानंतर सांगितले आहे. गुरुजींनी दोन्ही भाग सांगितले असणार. आम्ही पुढे केवळ नोकरच होणार, असे मनात धरून बसल्यामुळे अर्धाच भाग लक्षात ठेवला होता. मित्राने दुसऱ्या दिवशी पत्नीच्या संमतीने घरातली बचत मोडून चौघांचे पैसे दिले आणि दुकानाच्या भिंतीवर पाटी लावली की, पगार दर महिन्याच्या सात तारखेला. ती पाटी अजून आहे. दोनदा ती तारीख चुकली, तेव्हा त्याने आधी चौघांना बोलावून सांगितले.

संयमाचा अर्थ आम्हांला असा तुकड्या-तुकड्यांनी कळत गेला. चौदा महिने गप्प राहणे हा संयम नव्हता, आणि गचांडी धरणे हा धीटपणा नव्हता. निळी वही उघडून शांत आवाजात तारीख विचारणे, हा शाळेने शिकविलेला संयम होता, आणि तो आमच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान असलेल्या मुलाने आम्हांला दाखविला.

गेली काही वर्षे उन्हाळी सुट्टीपूर्वीच्या एका रविवारी आम्ही शाळेत येतो. भोजनगृहात एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडतो आणि दहावी-बारावीच्या मुलामुलींच्या मुलाखती घेतो. आमच्यापैकी एकजण मुद्दाम वाईट साहेब होतो, आडनाव विचारतो, गावाला हसतो, पगाराचे उत्तर टाळतो. सुरुवातीला मुले लाजतात, खाली पाहतात, मग हळूहळू उत्तरे देऊ लागतात. मागच्या वेळी डहाणूच्या पूर्वेकडच्या एका पाड्यावरची मुलगी खुर्चीवर बसली. सगळ्या प्रश्नांची उत्तरे तिने हळू आवाजात दिली. आता तुम्ही जाऊ शकता, असे साहेबाने म्हटले तरी ती उठली नाही. तिने विचारले, “सर, नेमणूकपत्र कधी देणार?” मागच्या बाकांवरून टाळ्या पडल्या. साहेब झालेला आमचा मित्र, तोच तो दुकानाचा मालक, क्षणभर गोंधळला आणि मग म्हणाला, “रुजू व्हाल त्या दिवशी.”

शाळेच्या व्यवस्थापनाला आमची विनंती आहे की, हा रविवार आमच्या येण्यावर अवलंबून न ठेवता वार्षिक नियोजनात घ्यावा. आणि जे माजी विद्यार्थी आज दुकानाचे, वाडीचे, कारखान्याचे मालक झाले आहेत, त्यांनी त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकेकदा बसून पाहावे.

जय भीम. जोहार.